नकाशावर पंप आहे, पण इंधन मिळेल का? इंधनस्थानकांच्या सार्वजनिक विदेविषयी (डेटाविषयी)

मैलाचा दगड (धागा सुरू करणारे)

गेल्या महिन्यात आईला घेऊन पुण्याहून सोलापूरला निघालो होतो. गाडी सीएनजीची आहे. टाकी साठ लिटरची म्हणतात, पण तिच्यात वायू मावतो आठ-नऊ किलो, आणि तोही पंपावर प्रेशर पूर्ण असेल तरच. इंदापूर सोडल्यावर वायूची पातळी दाखवणारे दिवे कमी होऊ लागले तेव्हा फोनवरच्या नकाशात पुढे चौदा किलोमीटरवर सीएनजी पंप दिसला. तेथे पोहोचलो. पंप होता, छत होते, सीएनजीचा फलक होता, यंत्रही बसवलेले होते. मात्र यंत्रावरचे प्लास्टिकचे वेष्टन अजून काढलेले नव्हते आणि नोझलला कुलूप होते. पंपावरच्या मुलाने सांगितले की यंत्र येऊन बरेच दिवस झाले, वायूची सोय अजून व्हायची आहे, आणि रोज दहा-बारा गाड्या अशाच येऊन परत जातात. आम्ही पेट्रोलवर पुढे गेलो, त्यामुळे अडकून पडलो नाही. परंतु आमच्या मागोमाग एक रिक्षा आली होती, तिच्या चालकाचा चेहरा मी विसरू शकलेलो नाही, कारण तो केवळ या पंपाच्या भरवशावर चौदा किलोमीटर आला होता.

या प्रसंगानंतर मी या विषयाचा जरा नेटाने मागोवा घेतला आणि ओपनस्ट्रीटमॅपवर नोंदी करू लागलो. ज्यांना हा प्रकल्प ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. २००४ साली ब्रिटनमध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी सुरू केलेला हा सर्वांनी मिळून करायचा नकाशा आहे. २०१२ पासून त्यातील विदा ओपन डेटाबेस लायसन्स या परवान्याखाली मिळते, म्हणजे श्रेय देऊन आणि परवान्याच्या अटी पाळून ती कोणालाही वापरता येते. या नकाशात पेट्रोल पंपासाठी ‘अमेनिटी=फ्युएल’ आणि चार्जिंगसाठी ‘अमेनिटी=चार्जिंग_स्टेशन’ अशा खुणा आहेत (त्या मुळात इंग्रजीत लिहायच्या असतात). त्यांना जोडून डिझेल, सीएनजी, एलपीजी, इथेनॉल यांपैकी तेथे काय मिळते, पंप कोणत्या वेळात उघडा असतो, तो कोण चालवतो, हे सारे स्वतंत्रपणे नोंदवता येते.

नोंदवता येते असे मी म्हटले, कारण बहुतेक ठिकाणी ते नोंदवलेले नसते. माझ्या परिसरातील पंप उघडून पाहिले तेव्हा निम्म्याहून अधिक ठिकाणी केवळ एक ठिपका आणि कंपनीचे नाव आढळले. ठिपका ‘येथे पंप आहे’ एवढेच सांगतो. वाटसरूला जे हवे असते ते त्यापुढचे असते: मला हवे ते इंधन येथे मिळते का, मला मिळेल का, माझ्या बाजूच्या रस्त्यावरून आत जाता येते का, आणि हे सारे कोणी आणि कधी पाहून लिहिले आहे? यातील शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ज्या नोंदीवर पडताळणीची तारीख नाही, ती नोंद खरी असली तरी तिच्यावर विसंबून रात्री निघता येत नाही.

या धाग्यात आपापल्या भागातील अनुभव आणि जाणकारांची माहिती एकत्र यावी अशी इच्छा आहे. विशेषतः सीएनजी, एलपीजी, इथेनॉल आणि वीज या चार गोष्टींबद्दल लिहावे, कारण पेट्रोल एका पंपावर मिळाले नाही तर दुसऱ्यावर मिळते. या चौघांचे तसे नाही.

अक्षांश

विषय काढलात हे फार चांगले झाले. मी सर्वेक्षणाच्या कामात आहे, म्हणून जागेच्या अचूकतेबद्दल लिहितो.

सरकारी आणि खासगी याद्यांमध्ये वारंवार दिसणारी चूक अशी की अंश-कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) हे दशांश समजून उतरवले जातात. पुण्याचे उदाहरण घेऊ. १८ अंश ३१ कला उत्तर आणि ७३ अंश ५१ कला पूर्व हे दशांशात सुमारे १८.५२ आणि ७३.८५ होते. कोणी तेच १८.३१ आणि ७३.५१ असे भरले, तर पंप सुमारे २३ किलोमीटर दक्षिणेला आणि सुमारे ३६ किलोमीटर पश्चिमेला सरकतो, म्हणजे पुण्याच्या मध्यवस्तीतला पंप वेल्ह्याच्या पलीकडे सह्याद्रीच्या कड्यांजवळ जाऊन बसतो. अशी नोंद नकाशावर पाहताच कळते, म्हणून ती तितकी घातक नाही. घातक आहे ती शेकडो मीटरांची चूक, कारण ती खरी वाटते. अक्षांशाच्या दशांशातील चौथ्या स्थळाची किंमत सुमारे अकरा मीटर आहे आणि पाचव्याची सुमारे एक मीटर. पंपासाठी पाच स्थळे पुरेशी आहेत, पण तीनच ठेवली तर ठिपका रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला जाऊ शकतो.

दुभाजक असलेल्या महामार्गावर ही बाजू चुकणे म्हणजे काय, हे प्रत्येक वाहनचालकाला ठाऊक आहे. पंप डोळ्यांसमोर दिसतो आणि तेथे जाण्यासाठी पुढच्या पुलाखालून वळून तेवढेच परत यावे लागते. प्रवेश-नियंत्रित रस्त्यावर तर याहून अवघड स्थिती असते. समृद्धी महामार्ग घ्या. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि संपूर्ण ७०१ किलोमीटरचा रस्ता जून २०२५ मध्ये पूर्ण झाला. या रस्त्याला लागून असलेल्या गावातला पंप सरळ रेषेत अर्ध्या किलोमीटरवर असू शकतो, पण मध्ये कुंपण आहे. तेथे पोहोचायचे तर पुढच्या इंटरचेंजला उतरून, टोल देऊन, गावरस्त्याने मागे यावे लागते. ‘जवळचा पंप’ शोधणारे ॲप हवाई अंतर मोजत असेल तर ते अशा ठिकाणी चालकाची दिशाभूल करते. त्याला दोष देऊन भागत नाही, कारण पंपाच्या आवारातला रस्ता महामार्गाला जोडून काढलेला आहे की नाही हे नकाशात कोणी तरी काढलेले असावे लागते. म्हणून माझी विनंती आहे की ठिपका टाकताना पंपाचा आत जाण्याचा आणि बाहेर पडण्याचा रस्ताही एकेरी दिशेसह काढावा. दोन मिनिटांचे काम आहे.

कऱ्हाकाठ

मी सीएनजी वितरणाच्या क्षेत्रात बरीच वर्षे काम केले आहे, त्यामुळे मूळ लेखातला तो प्लास्टिक गुंडाळलेला पंप मला चांगलाच ओळखीचा वाटला.

बाहेरून सगळे सीएनजी पंप सारखे दिसतात, पण ते एका जातीचे नाहीत. मदर स्टेशनला पाइपलाइनने वायू येतो, तेथे मोठे कॉम्प्रेसर असतात आणि तेथूनच गाड्यांवर लादलेल्या सिलिंडरच्या संचांमध्ये, म्हणजे कॅस्केडमध्ये, वायू भरून इतर पंपांना पाठवला जातो. ऑनलाइन स्टेशनला पाइपलाइन असते, पण तेथून पुढे पुरवठा होत नाही. डॉटर बूस्टर स्टेशनला पाइपलाइनच नसते. ते कॅस्केडच्या गाडीवर जगते. गाडी घाटात अडकली, वाहतूक कोंडीत थांबली, की ‘गॅस संपला’ची पाटी लागते. पाटी नसली तरी कॅस्केड रिकामी होत आली की प्रेशर उतरते. खरे तर वाहनाच्या टाकीत २०० बार दाबापर्यंत वायू भरला जातो. प्रेशर पडल्यावर तीच टाकी नऊ किलोच्या जागी सहा किलोवर थांबते आणि ग्राहकाला वाटते की पंपवाल्याने फसवले.

लांबच्या प्रवासाला निघणाऱ्याने शक्यतो मदर किंवा ऑनलाइन स्टेशनवर भरून निघावे, असे आम्ही नातेवाइकांना नेहमी सांगायचो. पण ही माहिती नकाशात नसते. कंपन्या आपापल्या ॲपमध्ये पंपांची यादी देतात, आणि शहरी वायुवितरणाचा परवाना भौगोलिक क्षेत्रानुसार मिळत असल्याने मुंबईचा वितरक वेगळा, पुण्याचा वेगळा, सोलापूरचा वेगळा. एकाच प्रवासात तीन वितरकांच्या हद्दी ओलांडाव्या लागतात आणि तिघांच्या याद्या तीन ठिकाणी असतात. पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळ ही क्षेत्रे ठरवते. त्याच मंडळाने सर्व वितरकांकडून एका नमुन्यात स्थानकांची यादी, स्थानकाच्या प्रकारासह, घेऊन खुली करावी असे मला मनापासून वाटते. गोष्ट अवघड नाही, कारण प्रत्येक वितरकाकडे ही यादी रोज वापरात असते; कॅस्केडची गाडी कुठे पाठवायची हे त्याशिवाय ठरतच नाही.

आणखी एक. नकाशात ‘सीएनजी: होय’ असे लिहिण्यापूर्वी फलक पाहून समाधान मानू नका. नोझलमधून वायू जाताना पाहा, किंवा निदान रांग पाहा.

लालपरीचा प्रवासी

एका वेगळ्या चुकीकडे लक्ष वेधतो. उपग्रहाच्या चित्रात पंपाचे छत अगदी सहज ओळखू येते, त्यामुळे दुरून नकाशा काढणारे उत्साही लोक छत दिसले की पंप नोंदवतात. आमच्या तालुक्याच्या एसटी आगारातला डिझेल पंप असाच ‘पेट्रोल पंप’ म्हणून नोंदवलेला होता. तेथे केवळ महामंडळाच्या बसगाड्यांना डिझेल मिळते. मी स्वतः आगाराच्या फाटकावर दोन दुचाकीस्वारांना पहारेकऱ्याशी हुज्जत घालताना पाहिले आहे. दोघांच्या हातात फोन होता आणि दोघे नकाशा दाखवत होते. ती नोंद मी काढून टाकली नाही, कारण पंप तेथे खरोखर आहे. तिच्यावर ‘प्रवेश: खासगी’ अशी खूण केली.

याउलट, पोलीस कल्याण निधीतून चालणारे पंप सर्वांसाठी खुले असतात, आणि ‘पोलीस’ हे नाव वाचून कोणी तरी त्यांवर खासगीची खूण करून ठेवतो. सहकारी साखर कारखान्यांच्या परिसरातही दोन्ही प्रकार आढळतात: एक पंप फाटकाबाहेर, सर्वांसाठी, दुसरा आत, कारखान्याच्या वाहनांसाठी. हे केवळ तेथे जाऊनच कळते.

बंद पडलेल्या पंपांबद्दलही सांगतो. जुन्या रस्त्याला बाह्यवळण झाले की गावातले पंप हळूहळू बंद होतात. छत आणि रिकामे खांब मात्र वर्षानुवर्षे उभे राहतात. अशी नोंद पुसून टाकली तर पुढच्या वर्षी दुसरा कोणी उपग्रहाचे चित्र पाहून ती पुन्हा टाकतो. म्हणून नोंद न पुसता तिच्यापुढे ‘डिसयूज्ड’ (वापरात नसलेला) हा उपसर्ग लावावा, म्हणजे इतिहासही राहतो आणि ॲपही तो पंप दाखवत नाही.

मिनेसोटावासी

मी गेली अठरा वर्षे अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात राहतो. येथील व्यवस्थेबद्दल लिहितो, कारण आपण सर्व ज्या गोष्टीची मागणी करत आहात ती येथे एका मर्यादेत अस्तित्वात आहे.

अमेरिकेच्या ऊर्जा विभागाचे ‘अल्टरनेटिव्ह फ्युएल्स डेटा सेंटर’ १९९१ साली सुरू झाले. १९८८ चा पर्यायी इंधनांविषयीचा कायदा आणि १९९० ची स्वच्छ हवा कायद्यातील दुरुस्ती ही त्यामागची प्रेरणा होती. सुरुवातीला पर्यायी इंधनावरील वाहनांच्या कामगिरीची माहिती गोळा करणे हा हेतू होता, स्थानकांचा नकाशा पुढे आला. आज त्यात अमेरिकेतील आणि कॅनडातील बायोडिझेल, सीएनजी, एलएनजी (द्रवरूप नैसर्गिक वायू), प्रोपेन, ई-८५ (इथेनॉल-पेट्रोलचे मिश्रण), हायड्रोजन आणि विजेची स्थानके आहेत. यादी कोणालाही उतरवून घेता येते आणि ॲप बनवणाऱ्यांसाठी एपीआय, म्हणजे ॲपला थेट विदा पुरवणारी सोय, खुला आहे. साधे पेट्रोल, ज्याला येथे गॅस म्हणतात, त्याचे पंप मात्र या यादीत नाहीत. ते सर्वत्र असल्याने सरकारला त्याची गरज वाटली नसावी.

मला या विदेतील तीन रकाने फार मोलाचे वाटतात. पहिला स्थितीचा: स्थानक चालू आहे, नियोजित आहे, की तात्पुरते बंद आहे. मूळ लेखातला प्लास्टिकमधला पंप येथे ‘नियोजित’ म्हणून दिसला असता आणि शोधात आला नसता. दुसरा प्रवेशाचा: सार्वजनिक की खासगी, आणि सार्वजनिक असल्यास आधी फोन करावा लागतो का, सभासदाचे कार्ड लागते का. येथे महापालिकांच्या आणि मालवाहू कंपन्यांच्या ताफ्यांसाठी असलेली सीएनजी स्थानके पुष्कळ आहेत, त्यामुळे या रकान्यावाचून यादी निरुपयोगी ठरली असती. तिसरा रकाना शेवटच्या पडताळणीच्या तारखेचा. नोंदवलेल्या स्थानकांशी वर्षातून किमान एकदा संपर्क साधून खात्री केली जाते. चार्जिंगच्या मोठ्या जाळ्यांची विदा थेट त्यांच्याकडून आपोआप घेतली जाते.

एक गोष्ट स्वतः भोगून शिकलो. माझी आधीची गाडी ई-८५ वर चालणारी होती. ई-८५ म्हणजे ८५ टक्के इथेनॉल असा समज होतो, पण प्रत्यक्षात ऋतू आणि प्रदेशानुसार ते ५१ ते ८३ टक्के असते, कारण कडाक्याच्या थंडीत जास्त इथेनॉलचे मिश्रण सहज पेट घेत नाही. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात एकाच पंपावर, एकाच नावाखाली वेगळे इंधन मिळते, आणि गाडी किती मैल जाईल हे त्याने बदलते. नकाशातल्या एका शब्दामागे किती गोष्टी दडलेल्या असतात हे तेव्हा कळले.

२०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्याखाली महामार्गांवर चार्जर उभारण्यासाठी पाच अब्ज डॉलर राखून ठेवले गेले, आणि त्याच्या नियमांत अशी अट घातली गेली की त्या पैशातून उभारलेल्या स्थानकांची जागा, चार्जर चालू आहे की नाही आणि दर ही माहिती इतरांना विनामूल्य उपलब्ध करून दिली पाहिजे. सरकारी पैसा घ्यायचा तर विदा खुली करायची, हे तत्त्व महाराष्ट्रातील अनुदानांनाही लावता येईल.

मैलाचा दगड

@मिनेसोटावासी, इथेनॉलचा मुद्दा आपल्याकडेही येऊन ठेपला आहे. ५ जून २०२१ रोजी पुण्यात तीन ठिकाणी ई-१०० (जवळपास शुद्ध) इथेनॉलचे पंप प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाले होते, आणि मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्रासह काही राज्यांतील निवडक पंपांवर ‘इथेनॉल १००’ आणले गेले. ते केवळ फ्लेक्स-फ्युएल, म्हणजे पेट्रोल आणि जास्त इथेनॉल दोन्हींवर चालणाऱ्या, गाड्यांसाठी आहे. नकाशात नुसते ‘इथेनॉल: होय’ लिहिले आणि वाचणाऱ्याने ते नेहमीच्या मिश्रित पेट्रोलचे समजून गाडीत भरून घेतले, तर इंजिनाचे नुकसान होईल. येथे टक्केवारीसह नोंद केलीच पाहिजे.

विजेची वाट

विजेच्या गाडीबद्दल मी लिहिते, कारण घरातली एकमेव गाडी विजेची आहे आणि दर पंधरवड्याला नाशिकला जावे लागते.

पेट्रोल पंप आणि चार्जिंग स्टेशन यांच्या विदेत एक मूलभूत फरक आहे, तो कोणी मांडलेला दिसला नाही. पेट्रोल पंप सुरू करायला जिल्हाधिकाऱ्यांचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते आणि स्फोटक पदार्थांसंबंधीच्या ‘पेसो’ या केंद्रीय संस्थेचा परवाना लागतो; तिचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. म्हणजे देशातला प्रत्येक पंप कोणत्या तरी सरकारी दप्तरात नोंदलेला असतोच. चार्जिंगचे तसे नाही. वाहन चार्ज करून देणे म्हणजे विजेची विक्री नव्हे, ती सेवा आहे, असा खुलासा केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्ये केला आणि हा व्यवसाय परवानामुक्त झाला. त्यामुळे स्टेशने झपाट्याने वाढली, हे चांगलेच झाले. पण आपोआप तयार होणारी यादी मात्र गेली. केंद्राने ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोमार्फत १४ डिसेंबर २०२२ रोजी ‘ईव्ही यात्रा’ हे संकेतस्थळ आणि ॲप सुरू केले, ते ही उणीव भरून काढण्यासाठीच. तेथे माहिती चार्जिंग चालवणाऱ्यांनी स्वतः द्यायची असते.

आता नोंद कशी असावी याबद्दल. ‘चार्जिंग स्टेशन आहे’ हे वाक्य जवळपास निरर्थक आहे. माझ्या गाडीला महामार्गावर सीसीएस-२ या प्रकारची डीसी (जलद चार्जिंगची) गन, म्हणजे गाडीत लावायचे जोडणीचे टोक, लागते. टाइप-२ च्या एसी (संथ चार्जिंगच्या) सॉकेटवरही ती चार्ज होते, पण त्याला रात्रभर वेळ हवा. सुरुवातीच्या काळात बसवलेले भारत डीसी-००१ या जुन्या मानकाचे पंधरा किलोवॅटचे चार्जर अजून काही ठिकाणी उभे आहेत. त्यांची गन माझ्या गाडीत बसतच नाही. दुचाकींचे कनेक्टर आणखी निराळे. म्हणून प्रत्येक नोंदीत गनचा प्रकार, प्रत्येक प्रकारच्या किती गन आहेत आणि किती किलोवॅटच्या आहेत, हे तीन आकडे हवेत. स्टेशने मोजून आनंद मानणाऱ्या बातम्या मला पटत नाहीत: एका गनच्या स्टेशनवर माझ्या आधी एक गाडी लागलेली असेल तर माझ्यासाठी ते पाऊण तास बंदच असते.

ऊर्जा मंत्रालयाच्या जुन्या मार्गदर्शक सूचनांत शहरात तीन बाय तीन किलोमीटरच्या प्रत्येक चौकटीत एक आणि महामार्गावर दोन्ही बाजूंना दर पंचवीस किलोमीटरला एक स्टेशन असावे असे म्हटले होते. हे झाले की नाही हे नागरिकाने कसे तपासायचे? चौकटी आखता येतात, पण त्यांत टाकायला विश्वासार्ह ठिपके हवेत. खुली विदा असती तर हे काम महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याने एका दुपारी केले असते.

गेल्या पावसाळ्यात कसारा घाटाच्या अलीकडे एका उपाहारगृहाच्या आवारातल्या चार्जरवर पोहोचले. ॲपमध्ये तो ‘उपलब्ध’ होता. आवाराचे फाटक रात्री दहाला बंद होते आणि पहारेकऱ्याकडे किल्ली नव्हती. चार्जर चोवीस तास चालू, आवार मात्र दहापर्यंत. तेव्हापासून मी वेळ नोंदवताना चार्जरची आणि आवाराची वेळ वेगळी विचारते.

घाटमाथा

सर्वांचा उत्साह पाहून बरे वाटले, पण एक आक्षेप नोंदवतो. ज्या कंपन्या इंधन विकून नफा मिळवतात त्यांच्या पंपांची माहिती आपण सुटीच्या दिवशी उन्हात फिरून का गोळा करायची? शिवाय आपण भरलेली विदा उद्या मोठ्या कंपन्या आपल्या ॲपमध्ये वापरतील. त्यापेक्षा जो नकाशा सगळे वापरतात त्यातूनच पंप उतरवून घेतले तर?

अक्षांश

@घाटमाथा, शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: तसे करता येणार नाही. त्या नकाशातील नोंदी त्या कंपनीच्या मालकीच्या आहेत आणि तिच्या अटींनुसार त्या उतरवून दुसरीकडे भरण्यास मनाई आहे. ओपनस्ट्रीटमॅपवर अशा नोंदी आढळल्या तर त्या सरसकट काढून टाकल्या जातात, आणि त्यांच्यासोबत इतरांचे कष्टही जातात. तेल कंपन्यांच्या संकेतस्थळांवरच्या याद्यांनाही हेच लागू आहे. लेखी परवानगी असेल तरच त्या वापरता येतात. आपण स्वतः तेथे उभे राहून फोनच्या जीपीएसवर घेतलेली जागा आणि फलकावर वाचलेली वेळ यावर मात्र कोणाची मालकी नाही.

कंपन्या आपली विदा वापरतील हे खरे. तशी मुभा आपणच दिलेली असते. पण जी सार्वजनिक ठिकाणी ठेवलेली आहे ती विदा आपल्याकडून कोणी काढून घेऊ शकत नाही, आणि आपल्या गावातला पंप बंद पडला तर ते दुरुस्त करण्यासाठी आपल्याला कोणाची परवानगी मागावी लागत नाही. खासगी नकाशात चूक कळवल्यावर ती कधी सुधारेल हे आपल्या हातात नसते.

मैलाचा दगड

@घाटमाथा यांच्या पहिल्या प्रश्नाचा मी बराच विचार केला, कारण तो रास्त आहे. आपण हे काम कायमचे अंगावर घ्यावे असे माझेही म्हणणे नाही, आणि त्याला पर्याय आहे.

पंपावरच्या प्रत्येक वितरण यंत्राची वर्षातून एकदा वैधमापन (वजनमापे तपासणाऱ्या) खात्याकडून तपासणी होते आणि मोहोर लावली जाते. पाच लिटरचे माप भरून पाहणारा निरीक्षक आपण सर्वांनी कधी ना कधी पाहिलेला आहे. म्हणजे दर वर्षी एक सरकारी अधिकारी राज्यातल्या प्रत्येक चालू पंपावर जातो, कोणत्या इंधनाच्या किती नोझल आहेत ते पाहतो, आणि तारीख लिहितो. आपण या धाग्यात जी पडताळणीची तारीख मागत आहोत ती आधीच अस्तित्वात आहे! पंपाचे नाव, जागा, इंधनाचा प्रकार आणि शेवटच्या मोहोरेची तारीख एवढे चार रकाने खुले केले, तरी पेट्रोल, डिझेल आणि सीएनजीचा प्रश्न पुष्कळ सुटेल. केंद्राचे विदा-सामायिकीकरणाचे धोरण २०१२ पासून आहे, आणि सरकारी खुल्या विदेसाठीचा परवाना २०१७ मध्ये आला, त्यामुळे नवे धोरण आखण्याचीही गरज नाही. मी याबद्दल माहितीच्या अधिकारात अर्ज करणार आहे. मसुदा येथे टाकतो, तो कृपया तपासून द्यावा. विशेषतः ‘यंत्रवाचनीय स्वरूपात’ हे शब्द आवर्जून घालावेत की काय, हे जाणकारांनी सांगावे. गेल्या वेळी दुसऱ्या एका कार्यालयाने यादी मागितल्यावर वाकड्या स्कॅन केलेल्या एकोणीस पानांची प्रत दिली होती आणि ती पुन्हा टंकित करण्यात तीन रविवार गेले.

चार्जिंग आणि एलपीजीसाठी तोवर आपले पायच उपयोगी पडतील.

कऱ्हाकाठ

अर्जात सीएनजीसाठी ‘स्थानकाचा प्रकार’ हा रकाना मागू नका, तो वैधमापन खात्याकडे नसेल आणि तेवढ्यावरून अर्ज परत येईल. जे त्यांच्या नोंदवहीत आहे तेवढेच मागावे. यंत्रवाचनीय हा शब्द ठेवा, आणि त्यापुढे ‘एक्सेल किंवा सीएसव्ही’ असे स्पष्ट लिहा.

मैलाचा दगड

सूचनेप्रमाणे मसुदा बदलला आहे.

काल पहाटे मी आणि माझा भाचा हडपसरहून सोलापूर रस्त्याने भिगवणपर्यंत जाऊन आलो. जाताना डावी बाजू, येताना दुसरी. त्याने फोनवर स्ट्रीटकंप्लीट हे ॲप घेतले आहे. ते जवळच्या नोंदींबद्दल सोपे प्रश्न विचारते आणि उत्तर थेट नकाशात जाते. यवतच्या आसपास एका पंपावर एलपीजीची नोंद होती, तेथले यंत्र काढून नेलेले आढळले, सिमेंटच्या ओट्यावर चार बोल्ट तेवढे शिल्लक होते. ती खूण काढली. दोन पंपांवर सीएनजी चालू होता पण नकाशात नव्हता; रांगेतल्या रिक्षावाल्यांशी बोललो, तेव्हा एक कॅस्केडवर चालतो आणि दुपारी दोननंतर प्रेशर उतरते असे कळले. ते टिपणात लिहिले. एका उपाहारगृहाच्या मागे सीसीएस-२ च्या दोन गन मिळाल्या, ज्या कोणत्याच सार्वजनिक यादीत आम्हाला दिसल्या नव्हत्या. @विजेची वाट, आवाराचे फाटक विचारले: रात्रभर उघडे असते. पाहिलेल्या प्रत्येक ठिकाणी कालची तारीख टाकली आहे.

इंदापूरच्या पुढचा तो पंप नकाशात ‘सीएनजी: होय’ असाच होता. तेथे जाणे झाले नाही, म्हणून मागच्या महिन्यात स्वतः पाहिले होते त्या तारखेनिशी तेथे ‘यंत्र बसवले आहे, वायू सुरू नाही’ असे टिपण ठेवले आणि सीएनजीची खूण काढली. तेथील मुलाने बोलताना सांगितले होते की दिवाळीच्या आत सुरू होईल. येत्या दिवसांत कोणी त्या बाजूने जाणार असेल तर थांबून पाहावे, आणि भिगवण ते टेंभुर्णी हा पट्टाही डाव्या बाजूने अजून कोणी पाहिलेला नाही.

विजेची वाट

पुढच्या शनिवारी अक्कलकोटला जात आहोत. टेंभुर्णीपर्यंतची डावी बाजू मी घेते. उजवी परतताना, अंधार पडण्याआधी निघालो तर.